सदतीस अंशांचे पाणी

मंगळवार, ११ मार्च २०१४. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे. नवजात बालकांच्या कक्षात काचेच्या सहा पेट्या होत्या; पाच रिकाम्या, आणि सहावीत अचूकरावांची नात.

अचूकराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. कारखान्यात बॉयलर सांभाळताना सहकाऱ्यांनी ते चिकटवले आणि निवृत्तीनंतरही ते सुटले नाही. काटा रेषेवर आल्याखेरीज झडपेला हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा. देवाधर्माशी त्यांचे सख्य बेताचेच. सून मात्र ख्रिस्ती, आणि श्रद्धेची पक्की. दिवस गेल्यापासून ती सासऱ्यांना आपला धर्म समजावून सांगत होती, आणि सासऱ्यांनी तिला प्रश्नांनी भंडावून सोडले होते.

"देव एकच म्हणतेस, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तीन मोजतेस. हा कुठला हिशेब?"

"बाबा, तुमच्या मोजपट्टीत मावला तर तो देव कसला?"

आज ती वरच्या मजल्यावर टाके घातलेल्या पोटाने पडून होती. बाळ फार आधी जन्मले होते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. तिने सासऱ्यांचे मनगट घट्ट धरले. "बाबा, तिला बाप्तिस्म्याशिवाय जाऊ देऊ नका."

मुलगा फादरना आणायला गेला होता. पूल बंद झाल्याने दोघेही नदीपलीकडे अडकले होते. अखेर फादरांचाच फोन आला.

"तुम्हीच द्या बाप्तिस्मा."

"मी? अहो, मी तुमच्यातला नाही. माझा विश्वासही नाही."

"जीव जायची वेळ आली की कोणीही देऊ शकतो. चर्च जे करतं तेच करायचं, एवढा हेतू मनात ठेवा. डोक्यावर पाणी ओता आणि म्हणा, 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.' झालं."

"पाणी कसलं?"

"साधं पाणी, आजोबा! उशीर करू नका."

सिस्टरने निर्जंतुक पाण्याची छोटी बाटली वाटीत रिकामी केली. अचूकरावांनी वाटीला बोट लावले. "गार आहे. एवढ्याशा टाळूला धक्का बसेल."

"चार थेंब तर टाकायचेत, बाबा."

"शरीराइतकं असू दे. सदतीस."

त्यांनी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवली आणि तीत तापमापक धरला. तीस. बत्तीस. सिस्टर चिडली. "अहो, हा बॉयलर नाही! टाका आणि मोकळे व्हा."

"झालंच. एक मिनिट."

तेवढ्यात यंत्राचा सूर बदलला. डॉक्टर धावत आले. कोणीतरी अचूकरावांना भिंतीकडे सारले. वाटी हातात धरून ते डॉक्टरांच्या पाठींकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने त्या पाठी सरळ झाल्या, आणि कोणीतरी यंत्र बंद केले.

सिस्टर जवळ आली. तिचा आवाज आता मऊ होता. "आता तरी ओता. कोण विचारणार आहे?"

त्यांनी फादरना फोन लावून विचारले.

"संस्कार जिवंतांसाठी असतात, आजोबा. पण देव काही संस्कारांनी बांधलेला नाही. तिला त्याच्या दयेवर सोपवू."

ज्याचा विश्वास आहे, त्याला या वाक्यावर भार टाकता आला असता. अचूकरावांच्या वाट्याला फक्त पाणी आले होते, आणि तेही त्यांनी ओतले नव्हते.

ते जिना चढून वर गेले. त्यांचा चेहरा पाहताच सुनेला बाळाचे कळले. तिने दुसरेच विचारले.

"दिलात ना?"

'हो' म्हणायला काहीच लागत नव्हते. सिस्टर बोलली नसती.

"नाही."

"का?"

"पाणी गार होतं. ते गरम करत बसलो."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. जणू ते परक्या भाषेत बोलले होते. मग तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

"बाबा, तुम्ही बाहेर जा."

ते बाहेर गेले. पूल खुला झाल्यावर मुलगा आणि फादर आले. फादरांनी प्रार्थना केली, सून ओठ न हलवता पडून राहिली, आणि अचूकरावांना आत कोणी बोलावले नाही.

बाळ एकोणीस तास जगले.