गंगम्माच्या चुलीपुढची तागडी

मित्रांनो, माझ्या डाव्या पारड्याला पोचा आहे आणि उजव्याची एक साखळी सुतळीनं बांधली आहे, म्हणून मला भंगार समजू नका. मी पितळी पारड्यांची तागडी आहे. सास्तूरच्या बंडप्पाच्या स्वयंपाकघरात खुंटीला असते. कोळी माझ्या दांडीवरून खुशाल ये-जा करतो, करू दे. पण जन्मात मी कधी खोटं तोललं नाही. आणि तरीही एकदा सात दिवस तोललेलं सगळं फुकट गेलं. ते कसं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

माझा जन्म तुळजापूरच्या एका तांबटाकडचा. त्यानं माझी पारडी ठोकून ठोकून अशी सारखी केली की चिमूटभर मीठ पडलं तरी दांडी कलायची. लोहाऱ्याच्या शरणबसप्पा वाण्याच्या दुकानात मी वीस वर्षं गूळ आणि मिरच्या तोलल्या. शेर, पावशेर, छटाक ही माझी ओळखीची वजनं. मग सरकारनं किलो आणि ग्रॅम आणले. वाण्यानं नवा काटा घेतला आणि मला रिकाम्या गोण्यांवर फेकलं. तिथून मला चारुशीलाबाईंनी उचललं.

चारुशीलाबाई पाहणीवाल्या होत्या. माणसं काय खातात आणि कशानं आजारी पडतात, याचा शोध घेत त्या आणि राघवेंद्र डॉक्टर गावोगाव फिरत होते. बैलगाडीच्या हिसक्यांनी त्यांचा काटा मोडला होता, म्हणून माझी गरज पडली. त्यांनी नवी ग्रॅमची वजनं माझ्या पारड्यात ठेवली तेव्हा मी पार गोंधळून गेले. पण वजन जुनं असो की नवं, दांडी सरळ राहिली पाहिजे, एवढं मला कळत होतं.

सास्तूरला आम्ही बंडप्पाच्या बायकोसाठी आलो. तिचं नाव इरम्मा. तिच्या गळ्याभोवतीची कातडी काळी पडून सालं निघत होती, जळकी दोरी बांधल्यासारखी. हातही तसेच. तोंड आलेलं, पोट बिघडलेलं. तवा तापत ठेवून ती पीठ शोधत बसायची, आणि पिठाची परात तिच्या पुढ्यातच असायची. डॉक्टरांना वाटत होतं की हा आजार खाण्यातला आहे. नुसत्या जोंधळ्यावर माणूस राहिला आणि जोडीला डाळ-दूध मिळालं नाही, तर असं होतं, असं ते म्हणाले.

हे ऐकून तिची सासू गंगम्मा अशी काही तापली की विचारू नका. दारात दोन दुभत्या म्हशी, कणगीत तूर, आणि सून उपाशी? तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मोजा की. कणगी मोजा, म्हशी मोजा. पर ताटात वाढलेलं मोजायचं न्हाय. त्यानं घराची बरकत जाते."

चारुशीलाबाईंनी मान डोलावली. पाहुण्यानं घरची रीत मोडू नये, अशीच त्यांची शिकवण.

रोज सकाळी चुलीपुढं बसून मी पीठ, डाळ, तेल, दूध, शेंगदाणे तोलले. गंगम्मा माझ्याकडे टक लावून बसायची आणि मूठभर डाळ वरून टाकायची. तीही मी तोलली. ती खरीच होती, शिजतही होती. पुरुषांची पंगत बसली की चारुशीलाबाई मला घेऊन पुढच्या घरी जायच्या.

आठव्या दिवशी चावडीवर डॉक्टरांनी वही पाहिली. घरातल्या माणसांत सगळं वाटून पाहिलं. डाळ पुरेशी, दूध पुरेसं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हा आजार खाण्यातला नाही, दुसरंच काही आहे, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं त्यांनी सांगितलं. गावानं त्याचा अर्थ आपल्या मनानं लावला, महारोग. शेजारणी इरम्माच्या हातचं पाणी घेईनात. बंडप्पानं ठरवलं की तिला बेंबळीला माहेरी सोडायचं, भाऊ नेतील सोलापूरला, आणि दोन वर्षांची लेक इथंच ठेवायची.

मी चावडीवर पडून होते. माझं कुठं चुकलं? पारडी तीच, दांडी सरळ. मला काही सुधरेना.

पुढचं मला नंतर कळलं. दारात गाडी जुंपली होती. गंगम्मा सुनेला म्हणाली, जेवून जा, नाहीतर लोक मला नावं ठेवतील. एरवी सगळ्यांची जेवणं झाली की ती ओट्यावर आडवी व्हायची आणि इरम्मा एकटी जेवायची. त्या दिवशी सासू समोर बसली. इरम्मानं ताटात दीड भाकरी घेतली, मीठ घेतलं, कोरडं तिखट घेतलं आणि खायला लागली.

"आमटी कुठं हाय?"

इरम्मानं पातेलं कलतं करून दाखवलं. "संपली, आत्याबाई. रोजच संपती."

"आन् दूध?"

"ह्यांना लागतं. पाव्हन्यांना लागतं."

"मग तोंड शिवलं हुतं का तुझं?"

इरम्मा बराच वेळ शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, "तुमीच सांगितलंत, तुमी सून हुता तवा असंच खाल्लं म्हनून."

गंगम्मानं ते ताट उचललं आणि ती तशीच भर दुपारी, न झाकता, सगळ्या गल्लीतून चालत चावडीवर आली. दारादारातून लोक बघत होते. तिनं ती उष्टी भाकरी माझ्या पारड्यात ठेवली.

"मोज."

चारुशीलाबाई म्हणाल्या, "अव्वा, ताटातलं मोजायचं नाही म्हणालात ना?"

"म्हनले हुते. आता मीच सांगते, मोज. सात दिस तुमी घराचं मोजलं. हे हिचं हाय. आन् माझं नाव घालून लिही वहीत."

दांडी कलली, वजनं पडली, दांडी सरळ झाली. डॉक्टरांनी लिहिलं, परत वाचलं आणि म्हणाले, "गाडी सोडा. हा महारोग नाही, लागणाराही नाही. हिला रोज डाळ, दूध, शेंगदाणे द्या. मी गोळ्या देतो. महिन्यानं बघू."

महिन्यानं इरम्माच्या गळ्यावर नवी कातडी आली, आणि शब्दही परत आले. चारुशीलाबाईंना नवा काटा मिळाला तेव्हा गंगम्मानं मला मागून घेतलं. दिवाळीपर्यंत ती इरम्माची डाळ माझ्यात तोलून शिजवायला टाकायची आणि वाढताना बडबडायची, "खा गं. तू गिळल्याबिगर माझं नाव वहीतनं निघायचं न्हाय."

पुढं धाकटी सून चन्नम्मा आली. पहिल्याच दिवशी ती भिंतीला टेकून सगळ्यांचं आटपायची वाट बघत उभी राहिली. इरम्मानं तिचा हात धरून खाली ओढलं आणि पातेलं भरलेलं असतानाच तिला वाढलं. गंगम्माही कुरकुरत त्यांच्यातच बसली. तेव्हापासून या घरात कुणाचं ताट मोजावं लागलं नाही, आणि मी खुंटीला गेले. याचं मला वाईट वाटावं की बरं, तेही कळत नाही.

मित्रांनो, वर्षातून एकदा मला चिंचेनं घासाल तर बरं. जमलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं, त्याच्यासमोर एकदा जाऊन बसा आणि पातेल्यात डोकावून बघा. आणि ते सात दिवस मी बरोबर तोललं की चूक, हे तुम्हाला कळलं, तर मला येऊन सांगा. मी इथंच आहे, खुंटीला.