कोऱ्या सुताचा रंग

"सहा," नागप्पांनी निकाल दिला आणि कार्ड खाटेवर टाकलं. "सहा नंबर हाय. बिनघोर राहा."

सून इंद्रायणी लंगोट हातात धरून उभीच राहिली. कार्डावर तान्ह्या बाळांच्या शीचे नऊ फोटो होते, पांढुरक्यापासून गडद हिरव्यापर्यंत. आदल्या दिवशी लेकीला, सृष्टीला, दीड महिन्याची लस द्यायला गेल्यावर नर्सबाईंनी ते दिलं होतं. पुण्याच्या एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या लिव्हरवर संशोधन चाललं होतं, त्यातलं ते कार्ड. पहिल्या तीन नंबरांशी रंग जुळला तर त्याच दिवशी फोन करायचा, एक दिवससुद्धा घालवायचा नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं.

"मामा, मला तीनसारखा वाटतोय. पांढराच दिसतोय की."

"अगं, अडतीस वर्षं डायिंगमधी काय गवऱ्या थापल्या का मी?"

"आन् असला पांढरा तरी काय झालं?" आतून सासूबाई रत्नम्मांनीही आपलं मत टाकलं. "दूधच पितंय लेकरू!"

विषय तिथंच संपला, कारण रंगाच्या बाबतीत या घरातच काय, अख्ख्या गल्लीत नागप्पांच्या पुढं कुणी बोलत नसे. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते रंगमास्तर होते. सुताचा नवा लॉट रंगून आला की तो जुन्या नमुन्याशी जुळतो का, हे त्यांनी उजेडात धरून सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. आता कारखान्यात रंग मोजायचं मशीन आलं होतं, तरी मालक त्यांना आठवड्यातून दोनदा बोलवायचेच. गल्लीतल्या बायका नवी पेठेतून ब्लाउजपीस आणायच्या त्यासुद्धा आधी मास्तरांना दाखवून. मास्तरांना याचा थोडा ताठा होता. तेवढा कुणालाही असता.

इंद्रायणी मोडनिंबची, मराठी घरातली. भीमाशंकरशी लग्न करून या तेलुगू घरात आली त्याला दोन वर्षं झाली होती. आपण सून म्हणून अजून तपासणीतच आहोत असं तिला वाटायचं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. तिनं लंगोट धुऊन वाळत घातला आणि कार्ड कपाटात ठेवलं. पण जीव थाऱ्यावर नव्हता. रोज शी बघायची, कपाटापर्यंत जायची आणि कार्ड न काढताच परत यायची. सृष्टीचे डोळे पिवळे दिसत होते. ते उतरेल म्हणून रत्नम्मा तिला रोज सकाळी गच्चीवर कोवळ्या उन्हात धरत होत्या. लघवीनं लंगोटाला हळदीसारखे डाग पडत होते. एकदा तिनं नवऱ्याजवळ विषय काढला.

"नान्ना बोलले ना सहा म्हणून?" भीमाशंकर म्हणाला. वडलांना तो नान्ना म्हणायचा. "मग झालं की."

अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी नागप्पा कारखान्यात पोचले तर मॅनेजर हृषीकेशनं टेबलावर दोन टॉवेल टाकले. पोरगा शिकलेला, एरवी अदबीनं वागणारा. आज त्याचा चेहरा उतरला होता.

"मास्तर, यातला क्रीम कुठला?"

नागप्पा हसले. "परीक्षा घेतो का माझी? दोन्ही क्रीमच हायत की."

"एक पांढरा आहे मास्तर. पांढराशुभ्र. तुम्ही क्रीम म्हणून पास केला आणि गिऱ्हाइकानं सगळा माल परत पाठवला. मी मशीनवर दोनदा तपासलं."

मशीनला शिवी हासडून नागप्पा त्यानं दाखवलेला टॉवेल घेऊन दाराबाहेर उन्हात आले. उलटा केला, पालटा केला. क्रीमच. फाटकावरच्या वॉचमनला त्यांनी विचारलं, "हा रंग कुठला रं?" तो म्हणाला, "पांढरा की, मास्तर." समोरच्या चहावाल्या बाईला विचारलं. ती आधी हसली, मग त्यांचा चेहरा बघून म्हणाली, "पांढराच हाय, मामा."

तेव्हा त्यांची नजर स्वतःच्या शर्टावर गेली. गेली दोन वर्षं शर्टाला पिवळेपणा राहतो म्हणून ते रत्नम्माशी भांडत होते. साबण बदलून झाला, नीळ घालून झाली, एकदा तर ताटावरून उठून झालं. रत्नम्मा शपथेवर सांगत होती की शर्ट पांढरा आहे. तो पांढरा होता. पिवळेपणा त्यांच्या डोळ्यांतच होता, आणि हळूहळू आल्यामुळं त्यांना कळला नव्हता.

आणि मग शर्ट डोक्यातून गेला आणि लंगोट आला. टॉवेल तिथंच वॉचमनच्या हातात कोंबून त्यांनी रिक्षाला हात केला. साधारण वीस मिनिटांचा रस्ता, पण प्रत्येक सिग्नलला ते रिक्षावाल्याच्या खांद्याला बोटं लावून "चल की, चल की" करत राहिले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मामा, रिक्षा हाय ही, इमान न्हाय."

घरात शिरताना त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"इंद्रायणी, कार्ड काढ. आजचा लंगोट आण. तूच बघ. मला ईचारू नगंस."

तिनं खिडकीशी जाऊन कार्ड जुळवलं.

"कितवा?"

"दोन," ती म्हणाली. "आता तर कोऱ्या सुतासारखाच दिसतोय."

"फोन लाव."

नंबर तिच्या मोबाइलमध्ये आधीच होता. कार्ड मिळालं त्याच दिवशी तिनं तो टाकून ठेवला होता. मी तेव्हाच म्हणाले होते, असं ती एकदाही म्हणाली नाही. ना त्या दिवशी, ना सोलापुरातल्या तपासण्यांत, ना पुण्याच्या वाटेवर. नागप्पा ते ऐकायची वाट बघत होते. ते न आल्यानं त्यांना जास्तच लागलं.

पुण्यात सोनोग्राफ्या झाल्या, रक्त गेलं, सुई घालून लिव्हरचा बारकासा तुकडा काढून तपासला. पित्ताची नळीच बंद होती. पित्त आतड्यात उतरत नव्हतं म्हणून शी पांढरी, आणि ते लिव्हरमध्ये साचून लिव्हर कडक होत चाललेलं. चौसष्टाव्या दिवशी ऑपरेशन करून डॉक्टरांनी आतडं थेट लिव्हरला जोडलं.

"साठ दिवसांच्या आत झालं असतं तर आशा जास्त असते," डॉक्टर म्हणाले. "आता वाट बघू. पित्त नाही उतरलं, तर पुढं लिव्हर बदलावं लागेल."

"माझं घ्या," नागप्पा म्हणाले.

"आजोबा, तुमच्या वयाला नाही घेता येत. जुळलं तर आईच्या लिव्हरचा तुकडा घेतात."

नागप्पांनी सुनेकडं बघितलं. ती आधीच मानेनं हो म्हणत होती.

ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी वॉर्डाबाहेर एक तरुण मुलगी फॉर्म घेऊन आली. संस्कृती तिचं नाव. संशोधनाच्या कामावर होती. कार्डाचा उपयोग होतो का, कुठं चुकतं, हे सगळ्या घरांतून विचारून लिहायचं होतं. बाकावर इंद्रायणी आणि रत्नम्मा बसल्या. नागप्पा बसेनात. पाच दिवस ते त्या व्हरांड्यात येरझाऱ्याच घालत होते. शीचा रंग अजून बदलला नव्हता.

"कार्ड पहिल्यांदा कधी जुळवून बघितलं?"

"लस दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी," इंद्रायणी म्हणाली. "शेहेचाळिसावा दिवस होता."

"कोणी बघितलं? नंबर कितवा वाटला?"

इंद्रायणीनं खाली बघितलं. "मीच बघितलं. पण... आमच्याच ध्यानात आलं नाही नीट. रंग कळला नाही मला."

नागप्पा जागच्या जागी थांबले. त्यांना क्षणभर बरं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"पोरी, खोटं का सांगती?" ते म्हणाले. "बाई, खोडा ते. मी सांगतो, लिव्हा."

संस्कृतीनं पेन उचललं.

"शेहेचाळिसाव्या दिवशी आईनं बगितलं. तीन नंबर सांगितला. आईनं बरोबर सांगितला."

"मग फोन सत्तावन्नाव्या दिवशी का केला?"

"आज्यानं सहा सांगितला म्हणून. आज्या रंगमास्तर हाय. त्याच्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू, हितंच खालच्या मजल्यावर परवा दाखवलं. पांढरं त्याला पिवळं दिसतं. आईला दिसत हुतं, पर आईला कुणी ईचारलं न्हाय. ह्ये बी लिव्हा. ईचारलं न्हाय म्हणून लिव्हा."

"आजोबा, इतकं सगळं नाही लिहिलं तरी..."

"न्हाय. सगळं लिव्हा. दुसऱ्या घरात बी असला आज्या असंल."

रत्नम्मांनी पदर तोंडाशी नेला. इतके दिवस न रडलेली इंद्रायणी आता मात्र रडत होती, आवाज न करता, डोळे न पुसता. संस्कृती लिहीत राहिली. ओळी संपल्यावर तिनं कागद उलटून मागं लिहिलं. मग माहिती देणाऱ्याची सही हवी म्हणाली आणि फॉर्म त्यांच्यासमोर धरला.

नागप्पांनी पेन घेतलं. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडं वळवला. सहीची ओळ फिकी छापलेली होती.

"कुटं करायची?"

इंद्रायणी उठून त्यांच्या शेजारी आली आणि तिनं कागदावर बोट ठेवलं.

"हितं, मामा."

बोटाच्या कडेकडेनं, एकेक अक्षर दाबून, नागप्पांनी सही केली.