मधल्या पायरीवरची मनकर्णा

धुळाजी दोनदा चक्कर येऊन पडला, तरी त्याचं पालुपद एकच: "छातीत मशीन बसवायचं न्हाई." लेक सिंधू रडून थकली आणि शेवटी युसूफवडगाव या गावाहून त्याला अंबाजोगाईला घेऊन आली, तेव्हाही म्हातारा गाडीत तोंड फिरवून बसला होता. हट्टाला त्याच्या तोड नव्हती.

डॉक्टरीणबाईही खमक्या निघाल्या. कागदावर हृदय काढून म्हणाल्या, "बाबा, हृदयाच्या पेशीत मिठाचे कण शिरतात, त्यानं बारीकशी वीज उठते. एक पेशी शेजारणीला जागी करते, ती पुढचीला. एकदा दिलं की घडीभर नवं घ्यायचं नाही, दम खायचा."

"घमेल्यावानीच की," धुळाजी पुटपुटला.

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीची सामाईक विहीर खणताना तो मुकादम होता. तळातली माती पायऱ्यांवरच्या ओळीतून हातोहात वर जायची. हात रिकामे झाल्याशिवाय दुसरं घमेलं घ्यायचं नाही, असा रिवाज. मधल्या वळणाच्या पायरीवर त्याची नवी नवरी, मनकर्णा. दुष्काळी वाटपाच्या सुकडीवर दिवस काढायचे, तरी विहिरीत हसणं घुमायचं. तसं सुख धुळाजीला पुन्हा लाभलं नाही.

"आणि इथं मधोमध," बाईंनी बोट ठेवलं, "इशारा जरासा थांबतो. तेवढ्यात वरचे कप्पे रक्त खाली ओतून मोकळे होतात. तुमची तीच जागा निकामी झालीय. वरचा इशारा खाली पोचतच नाही."

धुळाजीचे डोळे भरून आले. मनकर्णाही घमेलं धरून श्वासभर थांबायची, वरचे हात मोकळे होईपर्यंत. "मुकादमाची बायको लई लाडाची!" असं लोक हसले आणि त्याला लाज वाटली. चारचौघांत कामचुकार म्हणून त्यानं तिला ओळीतून काढलं. तासाभरात वळणावर घमेली एकमेकांवर आदळली, एक सुटलं आणि तळातल्या बंकटचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी ती निमूट त्याच पायरीवर येऊन उभी राहिली. चूक आपली होती, एवढं तिला सांगायला त्याला पुढची चाळीस वर्षं पुरली नाहीत. आता ती नव्हती.

"ते मशीन मधोमध थांबंल का? तिच्यावानी?" त्यानं विचारलं.

तिच्यावानी म्हणजे कुणासारखं, ते बाईंना कळलं नाही. "थांबेल," त्या म्हणाल्या. "मग खाली धाडेल."

"तर मग बसवा, बाई," धुळाजी म्हणाला. "मधलं माणूस मी एकदा काढलतं. आता न्हाई काढायचो."