पाच मीटरच्या वरची लाट

बंदर कार्यालयातल्या मोजणीदाराच्या हातून बावीस वर्षांत एकही चूक झाली नाही, असं सगळे म्हणायचे. चूक झाली नव्हतीच. त्यानं इमानेइतबारे नियम पाळला, आणि तेच नडलं.

समुद्रात तरंगणारा बोया दर तासाला लाटेची उंची कळवायचा. जुन्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाच मीटरच्या वर आकडा आला की बोया बिघडला समज. सरळ काट मार." साहेब निवृत्त झाले, वारलेही, पण याचं काट मारणं सुटलं नाही. आधी वर्षाला दोन-तीन आकडे खोडावे लागत. मग दहा. मग चाळीस. यंत्र इतकं नेमानं बिघडत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. यालाही कळलं होतं. पण वर कळवायचं म्हणजे चौकशी, खुलासे, नसता डोक्याला ताप! त्यापेक्षा काट मारणं सोपं.

धाकट्या बहिणीनं किनाऱ्यालगत घर घेताना विचारलं, "दादा, पाणी आत नाही ना येणार रे?"

"बिनधास्त घे," यानं छातीठोकपणे सांगितलं.

गेल्या आठवड्यात लाट तिच्या स्वयंपाकघरात शिरली.

आज एक संशोधक बाई नोंदवह्या बघायला आल्या. "हवा तापतेय, दूरवरची वादळं जोर धरतायत, तिथून निघालेल्या लाटा वर्षागणिक मोठ्या होतायत. तुमचाच समुद्र एवढा शहाणा कसा?" मग त्यांना खोडलेल्या ओळी दिसल्या. "बरं झालं, आकडे वाचता तरी येतायत!" त्यांनी चक्क आभार मानले. तो शरमेनं अर्धा झाला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यानं बहिणीचं घर गाठलं. ती भिंतीवरचा चिखल खरवडत होती.

"असा चेहरा पाडू नकोस रे. समुद्राला तू थोडंच बोलावलंस?"

"मला दिसत होतं," तो म्हणाला. "लाटा वाढत होत्या. मी आकडे खोडत होतो. तू विचारलंस, तेव्हाही."

खरवडणं थांबलं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"शेजारच्या दोघींना मीच इथे घर घ्यायला लावलं," ती हळूच म्हणाली. "माझा दादा लाटा मोजतो, असं सांगून."

त्याला मान वर करवेना. तिनं हात पुसले आणि दार उघडलं.

"चल. बेल मी वाजवते. बोलायचं तू."