अंगातली संध्याकाळ

टाचेखाली खिळ्याचं डोकं... गार, टिकलीएवढं. डोळे मिटले की हातापेक्षा पायाला जास्त कळतं, असं मास्तर म्हणतात. नवं नाटक बसवताना पहिले काही दिवस ते संवादांना हातच लावू देत नाहीत. घड्याळं आधीच काढून घेतलेली, तालमीच्या खोलीला काळे पडदे. आज वेळ दाखवायची नाही, ते म्हणाले, आत्ता कुठली वेळ आहे ते अंगाला विचारायचं आणि सांगायचं. तिनं विचारलं. पाठ सैल पडली, पोटऱ्या भरून आल्या, घशाशी ती कातरवेळेची हुरहूर — आणि तोंडातून निघूनच गेलं, "दिवेलागण झाली."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मावशी, कुठे पोचलात? आमचा अजून सकाळचा चहा पण उतरला नाही." ही बारकी, नाटकातली तिची मुलगी. जिभेला हाड नाही.

"असू दे गं," मास्तर म्हणाले. "मावशी, पुन्हा विचारा. सावकाश."

सावकाशच तर... आईचंही सावकाशच सुरू झालं होतं, याच वयात. भर सकाळी खिडक्या ओढून घ्यायची, दारात जाऊन उभी राहायची, सगळे अजून परतले कसे नाहीत म्हणून, आणि लख्ख उन्हाकडे बघत म्हणायची — अंधारून आलं बाई. घरातले हसायचे. मग हसायचे थांबले.

तिनं पुन्हा विचारलं. अंग हटूनच बसलेलं. संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ. मग तिनं अंगाचा नाद सोडला आणि कान टवकारले — खाली रस्त्यावर एका दुकानाचं शटर वर जात होतं, बारकीच्या केसांना शाम्पूचा ओला वास होता, पलीकडचा नट अजून जांभया देत होता. हिशेब जुळला. तिनं खांदे उचलले, मान ताठ केली, ताजा श्वास घेतला.

"सकाळ," ती हसून म्हणाली. "सकाळच की."

"बघा रे," मास्तर खूश झाले, "अशी अंगात यायला हवी वेळ."

पण तिच्या तोंडून निघालेला हा सूर तिच्या ओळखीचा होता. शेवटी शेवटी कुणी विचारलं की आई आधी एकेकाचा चेहरा निरखायची, मग अश्शीच हसायची, सकाळच की... आणि सगळ्यांना वाटायचं, आज बरी आहे.

किती वर्षं तालीम केली असेल आईनं, एकटीनं, आमच्यासमोर?

"आता मावशी," मास्तर म्हणाले, "तहान लागलीय का, सांगा."

केवढा साधा प्रश्न. ती बारकीच्या श्वासाकडे कान लावून थांबली.