एवाल्ड ओव्हरकांपचा राजीनामा

एवाल्ड ओव्हरकांपला आता घरी बसायचं होतं. कोळशाच्या खाणीतून तो कामगार संघटनेत गेला, संघटनेतून पक्षात आणि पक्षातून बर्लिनच्या संसदेत. हल्ली जिना चढताना धाप लागे. उरलेले दिवस शर्यतीची कबुतरं आणि बायको अल्विने यांच्यासोबत काढावेत, एवढंच मनात होतं. पण त्याच्या पक्षात ठरावाशिवाय माणूस मोकळा होत नसे.

सभेआधी कार्यकारिणीने बिअरगृहाच्या मागल्या खोलीत त्याचा राजीनामा फेटाळला.

"कारण काय, तर धाप!" चिटणीस कोस्माला मिशीवरचा फेस पुसत म्हणाला. "अरे एवाल्ड, संसदेत बसायचंच तर असतं."

"बर्लिनला जाऊन बसावं लागतं रे."

"मग गाडीतही बसूनच जातोस ना?"

कार्यकारिणीत जे ठरेल, तसंच तिच्या प्रत्येकाने, अध्यक्षानेसुद्धा, सभेत मत द्यायचं, हा शिरस्ता. तो मोडणाऱ्या दोघांना एवाल्डनेच पक्षाबाहेर काढलं होतं.

सभा भरली. अध्यक्षस्थानी अर्थातच एवाल्ड. साध्या सभासदांना त्याची दया आली, सोडा बिचाऱ्याला म्हणून हात वर झाले. अल्विनेचा सगळ्यांत उंच. विरोधातही तेवढेच हात. फेरमोजणीतही बरोबरी. आता निकाल अध्यक्षाच्या मतावर.

एवाल्डने अल्विनेकडे पाहिलं. तिने मान डोलावली. त्याने हात वर केला, स्वतःच्या राजीनाम्याविरुद्ध.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोस्मालाने त्याला मिठीच मारली. "थोडक्यात वाचलास गड्या!"

अल्विने उठली. तीही पक्षाची जुनी सभासद. "अध्यक्षमहाराज, माझा एक ठराव आहे. कॉम्रेड अल्विने ओव्हरकांप यांना अध्यक्षांच्या घरातून मुक्त करून झोएस्टला बहिणीकडे जाऊ द्यावं."

"अगं, काय बोलतेस हे?"

"सभेत अगं-बिगं नाही. कॉम्रेड म्हण."

सवयीने एवाल्डच्या तोंडून निघालं, "अनुमोदन?"

"माझं," कोस्माला म्हणाला. "ठराव नियमात बसतो."

"विरोधात कोण बोलणार?" असं विचारून एवाल्ड स्वतःच हात वर करायला गेला. हात अर्ध्यावर थांबला. याबद्दल कार्यकारिणीत काहीच ठरलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तो हवं ते मत द्यायला मोकळा होता. त्याला दरदरून घाम फुटला.

"बोल की, एवाल्ड," अल्विने हळूच म्हणाली.

त्याने घंटा वाजवली आणि कार्यकारिणीचा विचार घेण्यासाठी सभा तहकूब केली. मागल्या खोलीचं दार लागलं, तेव्हा अल्विने टोपी घालत होती.