नाचणीच्या शेतातली सीडी

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो. साखरशेत गावच्या उतारावर, तानीआजीच्या नाचणीत दोऱ्याला टांगलेली. वारा आला की मी फिरते, लखलखते आणि पाखरं उडून जातात.

एके काळी माझ्या पोटात अख्खा संगणक चालवणारी प्रणाली होती. मुंबईच्या कॉलेजातल्या पोरांनी ती माझ्यावर उतरवली. हेमंत सरांनी मला रुमालात गुंडाळून एसटीनं इथल्या आश्रमशाळेत आणलं. मुलांनी पहिल्यांदा माऊस धरला तो किती हलक्या हातानं, जणू कोंबडीचं पिल्लूच.

सरांचा माझ्यावर फार जीव. मऊ कापडानं पुसायचे आणि कपाटात कुलूपबंद ठेवायचे.

एकदा सूर्यमाळच्या शाळेतल्या शिक्षिका चंदाबाई कोरी सीडी घेऊन आल्या. त्यांच्या संगणकातल्या प्रणालीचा परवाना संपला होता. यंत्र नुसतं पडून, म्हणून सोमवारी तालुक्याची गाडी ते परत न्यायला येणार होती.

“सर, तुमच्या सीडीची एक प्रत द्या.”

“बाई, प्रत काढणं म्हणजे चोरी. नोकरी घालवता का माझी?”

“खोलीमागं नाचणी लावलीत, तिचं बी कुणाचं?”

“तानीआजीचं.”

“म्हणजे आजीकडे चोरी केलीत म्हणायची.”

“बियाण्याचं वेगळं असतं हो. आजी म्हणाली, पेर, खा, हवं तसं निवडून वाढव. फक्त उद्या कुणी मागितलं तर नाही म्हणू नको.”

“मग हिचाही परवाना वाचा की. कधी उघडलाय?”

सरांनी माझ्यातला इंग्रजी परवाना पडद्यावर उघडला. मग शब्दकोश घेऊन वाचायला बसले. वापरा, आत कसं चालतं ते बघा, बदला, प्रती वाटा, हवं तर विका. पण ज्याला द्याल त्याला हेच हक्क द्या आणि बदललेलं झाकून ठेवू नका. मी फुकट मिळाले म्हणून नव्हे, या हक्कांमुळे मुक्त होते.

सर हसले. “हा तर आजीचाच कायदा.”

“आजीचा इंग्रजीत नाही, एवढंच,” चंदाबाई म्हणाल्या.

त्या कोऱ्या सीडीवर माझी प्रत उतरली आणि सोमवारी ती गाडी सूर्यमाळहून रिकामी परतली.

पुढं चंदाबाई त्यांची बदललेली प्रत घेऊन आल्या. त्यातल्या चित्रं काढायच्या खेळात तिथल्या मुलांनी मोहाचं झाड आणि खेकडा घातला होता, घरच्या बोलीतल्या नावांसकट. आमची रविना पडद्याला नाक लावून म्हणाली, “सर, हा आमच्या ओहळातलाच खेकडा आहे.”

वर्षं गेली. नवी यंत्रं आली. माझ्यावर ओरखडे पडले, मी मुकी झाले. सर कपाट आवरत होते, तेव्हा आजी म्हणाली, “ही चकचकीत थाळी मला द्या, सर. पाखरां लय मातलीत.” सर क्षणभर मला हातात धरून उभे राहिले. मग त्यांनीच दोरा ओवला.

मित्रांनो, जपणं म्हणजे कुलपात ठेवणं, असं मलाही वाटायचं. कपाटातली मी मुकी झाले, सूर्यमाळला गेलेली मी अजून बोलते आहे. तुमच्या हाती असं काही आलं तर पुसा, सांभाळा, पण मागणाऱ्याला परत पाठवू नका. आणि देताना, पुढं देण्याचा हक्कही सोबत द्या.

खाली आजी कणसं निवडून बी बाजूला काढते आहे. त्यातलं थोडं यंदा सूर्यमाळला जाणार आहे.